साडेतीन सेंटिमीटरचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात भाच्याने सिंहगडावर दोन भाजलेली कणसं खाल्ली. लिंबू-मीठ-तिखट चोळलेली, गप्पांच्या नादात दाणे नीट न चावता. रात्री अकराला ताईचा फोन आला. पोटात कळा येतायत, कळ आली की नळाला हवा लागल्यासारखा आवाज येतोय, पोट टम्म फुगलंय आणि आत्ताच हिरवी उलटी झाली. कळ दोन मिनिटं टिकते, जाते, पुन्हा येते. अशी लाटेसारखी येणारी कळ म्हणजे कुठेतरी वाट अडली आहे, आणि आतडं पुढचं ढकलायचा आटापिटा करतंय.

मग दवाखाना, नाकातून नळी, सलाईन, तोंडाने पाण्याचा थेंब नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला वायू सरला, आणि या गोष्टीचा एवढा आनंद झालेलं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. सीटी स्कॅनच्या अहवालात लिहिलं होतं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात साडेतीन सेंटिमीटर लांबीचं स्ट्रिक्चर आहे, आणि त्याच्या अलीकडचं आतडं चार सेंटिमीटरपर्यंत फुगलेलं आहे. स्ट्रिक्चर म्हणजे आतड्याचा आवळला गेलेला, अरुंद झालेला भाग.

भाच्याला क्रोन्सचा आजार आहे हे सहा वर्षांपासून माहीत होतं. पोटविकाराच्या मॅडम म्हणाल्या, "दुर्बिणीतून फुगा घालून ही जागा उघडता येईल."

ताईने विचारलं, "म्हणजे अँजिओप्लास्टीसारखं?"

"साधारण तसंच."

त्या 'साधारण'मध्ये काय काय दडलंय ते समजून घ्यायला मला पुढचे काही महिने लागले. अँजिओप्लास्टीची उपमा आपल्याकडे सगळ्यांना चटकन कळते, कारण प्रत्येक घरात कुणाची तरी झालेली असते. पण ती एका टप्प्यापर्यंतच कामाला येते. नंतर तीच उपमा चुकीच्या अपेक्षा निर्माण करते.

आधी आजाराबद्दल थोडं. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही हा आजार होऊ शकतो, पण त्याची आवडती जागा म्हणजे लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं तो शेवटचा भाग. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये तो नीट मांडला. लेखावर तिघांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने छापली होती म्हणून पहिलं नाव क्रोन यांचं आलं आणि आजाराला तेच चिकटलं. त्याआधी १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅलझील यांनी अशाच रुग्णांबद्दल लिहून ठेवलं होतं. मेल्यावर ताठ झालेल्या वाम माशासारखं हे आतडं हाताला लागतं, असं त्यांचं वर्णन होतं. हे मला फार नेमकं वाटतं. निरोगी आतडं ओल्या रेशमासारखं मऊ असतं. क्रोन्सचं जुनं आतडं मात्र कडक, जाड नळी होऊन बसतं.

ते असं का होतं, यातच पुढच्या सगळ्या उपचारांची किल्ली आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस या भावंड-आजारात दाह मुख्यतः आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता असतो. क्रोन्समध्ये तो भिंतीच्या आरपार जातो. भिंत सुजते, बरी होऊ लागते, पुन्हा सुजते. दर वेळी शरीर डागडुजी करतं, आणि शरीराची डागडुजी म्हणजे कोलॅजन, म्हणजेच व्रणाचा चिवट धागा. भाजल्याची जखम भरल्यावर कातडी कशी आखडते ते आपण पाहिलेलं असतं. कोपर भाजलेलं असेल तर हात सरळ होत नाही. तेच आतड्याच्या भिंतीत गोलाकार घडतं. शिवाय भिंतीतला स्नायूही जाड होत जातो. पोकळी आतून मिटत येते.

म्हणून प्रत्येक स्ट्रिक्चरमध्ये दोन गोष्टींची सरमिसळ असते: सूज आणि व्रण. सूज औषधाने उतरते. व्रण औषधाने विरघळत नाही, आणि आतड्यातला व्रण विरघळवण्यासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध अजून बाजारात नाही. एखाद्या रुग्णात सूज किती आणि व्रण किती हे ठरवणं मात्र एमआरआय, सीटी, सोनोग्राफी सगळं हाताशी असूनही अवघडच जातं. बहुतेक वेळा दोन्ही एकत्रच सापडतात. भाच्याला आधी काही दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं ते याचसाठी. त्याने सूज उतरली, वाट थोडी मोकळी झाली, वायू सरला. उरला तो व्रण.

मला आणखी एक कोडं होतं. आतडं काही एका रात्रीत आवळलं गेलं नसणार. मग तो इतके दिवस बरा कसा होता? उत्तर साधं आहे. लहान आतड्यातून जाणारा माल पातळ असतो, आणि पातळ पदार्थ बारीक छिद्रातूनही निघून जातो. पाण्याच्या सरळ नळीचा हिशोब असा की व्यास निम्मा झाला तर प्रवाह सोळापट कमी होतो. आतडं म्हणजे सरळ नळी नाही हे खरं, पण या हिशोबाची दिशा तिथेही तीच. याचा अर्थ असा की आतडं बरंच अरुंद होईपर्यंत काही कळत नाही, आणि एका मर्यादेनंतर अगदी थोड्या फरकाने सगळं ठप्प होतं. त्यात मक्याचे अख्खे दाणे आले की बाटलीला बूच बसावं तसं होतं. मक्याचे दाणे, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, उसाची चिपाडं, सुकं खोबरं, संत्र्याच्या फोडीवरची साल, पेरूच्या बिया ही सगळी या आजारातली नेहमीची बुचं. पण हाच हिशोब उलटाही चालतो, आणि फुग्याच्या उपचाराची सगळी भिस्त त्यावर आहे. आतडं पूर्ववत रुंद करायची गरजच नसते. पाच-सहा मिलिमीटरची वाट बारा-पंधरा मिलिमीटर केली तरी माणूस जेवू लागतो.

हा आजार लपून राहतो याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं. ड्वाइट आयझेनहॉवर यांना वर्षानुवर्षं पोटदुखीचे झटके येत. १९५६ च्या मे महिन्यात एक्स-रेमध्ये क्रोन्स दिसला आणि जूनमध्ये आतडं पूर्ण अडलं. वय ६५, नऊ महिन्यांपूर्वीच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. वॉल्टर रीड रुग्णालयात मध्यरात्रीनंतर शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारदांनी आजारी भाग काढला नाही. त्याला वळसा घालून वरचं आतडं मोठ्या आतड्याला जोडून दिलं, गावाबाहेरून बायपास काढतात तसं. नोव्हेंबरमध्ये आयझेनहॉवर पुन्हा निवडूनही आले. आज त्यांच्या जागी कुणी असता तर आधी नळी आणि सलाईनवर निभावून, मग सवडीने फुग्याचा विचार झाला असता. सवडीने हा शब्द महत्त्वाचा. फुगा हा पोट फुगून उलट्या चालू असताना घाईघाईने करायचा उपचार नाही. आधी वादळ शमवायचं, मग नकाशा काढायचा.

तो नकाशा म्हणजे सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी. रुग्णाला भरपूर द्रव प्यायला लावून आतडं आतून ताणून काढलेली चित्रं. त्यात डॉक्टर पाहतात ते असं: अरुंद भाग किती लांब आहे, सरळ आहे की कोपरात वळलेला, एकच आहे की ओळीने चार-पाच, आणि आजूबाजूला काय शिजतंय. शेजारी पू साठला असेल, किंवा आतड्यातून दुसऱ्या आतड्याकडे किंवा मूत्राशयाकडे चोरवाट, म्हणजे फिस्टुला, फुटली असेल, तर फुगा बाद. आधीच पोखरलेली भिंत ताणली तर फाटणारच. अरुंद जागेवर खोल, ताज्या जखमा असतील तरीही थांबतात. मोठ्या आतड्यातलं स्ट्रिक्चर असेल तर आणखी एक शंका असते, कारण तिथे अरुंदपणाच्या आड कर्करोग असू शकतो. त्यामुळे तुकडा काढून तपासल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आणि लांबी. पाच सेंटिमीटरपर्यंतचं सरळ स्ट्रिक्चर फुग्याला चांगलं, त्याहून लांब असेल तर निकाल खालावत जातो. साडेतीन हा आकडा ऐकून मॅडमच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं होतं ते उगाच नव्हतं.

आपल्याकडे या नकाशाआधी एक वेगळाच फाटा येतो आणि त्याबद्दल न लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. तो म्हणजे आतड्याचा टीबी. त्याचीही आवडती जागा तीच, लहान-मोठ्या आतड्याचा सांधा. तोही व्रण करतो, तोही आतडं आवळतो, वजन तसंच उतरतं, ताप तसाच येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत ग्रॅन्युलोमा नावाचे पुंजके दिसू शकतात. भारतात अनेक क्रोन्स रुग्णांच्या फायलीत पहिली चिठ्ठी टीबीच्या गोळ्यांची असते. भाच्याचीही होती. सहा वर्षांपूर्वी मला त्याचा राग आला होता. आता वाटतं, डॉक्टरांची पंचाईत खरी होती. टीबी असताना क्रोन्सची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. उलट चुकीत वेळ जातो, आणि जेवढा वेळ दाह चालू तेवढा व्रण वाढतो. त्यामुळे तपासण्यांतून निकाल लागत नसेल तेव्हा टीबीची औषधं देऊन काही महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून जखमा भरल्या का ते पाहतात. इथेही एक खाच आहे. टीबी पूर्ण बरा झाला तरी मागे राहिलेला व्रण आतडं आवळूनच ठेवतो, त्यामुळे 'अजून पोट दुखतंय म्हणजे टीबी नव्हताच' असं म्हणता येत नाही. टीबीनंतरच्या अशा स्ट्रिक्चरलाही फुगा चालतो.

आता प्रत्यक्ष फुगा. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध, दोन लिटर पाण्यात विरघळवलेली ती खारट पावडर. आतडं अरुंद असलेल्यांनी ती घटाघट प्यायची नसते, बऱ्याच वेळात, घोट घोट प्यायची. भाच्याला दुपारी एकपासून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी शिरेतून झोपेचं औषध. आत नातेवाइकांना सोडत नाहीत, पण नंतर मॅडमनी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ संगणकावर दाखवला आणि तोच या लेखाचं खरं निमित्त आहे.

दुर्बीण गुदद्वारातून आत जाते, सबंध मोठं आतडं पार करते आणि लहान आतड्याच्या दाराशी येते. ओली, गुलाबी, चकाकणारी भिंत दिसत राहते. मग अचानक समोर एक फिकट, गोल पडदा आणि मधोमध काळं छिद्र. पेन्सिल जेमतेम जाईल एवढं. दुर्बिणीची जाडी बारा-तेरा मिलिमीटर, त्यामुळे ती तिथेच थबकते. तिच्या पोटातल्या बारीक नळीतून एक पातळ तार आणि त्यावर गुंडाळलेला फुगा पुढे सरकतो, छिद्रातून पलीकडे. फुगा पाच ते आठ सेंटिमीटर लांब, पारदर्शक. आपल्या जत्रेतल्या फुग्यासारखा लवचीक नाही, ताठ प्लॅस्टिकचा. त्यात हवा नाही, पाणी भरतात, किंवा एक्स-रेत दिसणारं औषध मिसळलेलं पाणी.

बाहेर एक सिस्टर पिचकारीसारखा दांडा फिरवत असते, त्यावर दाबाचं घड्याळ असतं. एकाच फुग्याचे दाबानुसार तीन व्यास ठरलेले असतात: १२, १३.५, १५ मिलिमीटर. मॅडम म्हणतात "बारा", सिस्टर दांडा फिरवते, काटा चढतो आणि थांबतो. व्हिडिओत इथे पारदर्शक फुग्याच्या आरपार भिंत पांढरीफटक पडलेली दिसते. फुग्याला मधोमध कंबर असते, कारण व्रणाने त्याला तिथे आवळून धरलेलं असतं. एक-दोन मिनिटं तसंच. मग "साडेतेरा". कंबर अजून आहे. मग "पंधरा", आणि काही सेकंदांनी ती कंबर हळूच नाहीशी होते. फुगा सोडल्यावर कडेला दोन बारीक, लाल चिरा आणि थोडं रक्त. दुर्बीण आता त्यातून पलीकडे सरकते. पलीकडचं, म्हणजे अन्न येतं त्या बाजूचं, आतडं फुगलेलं, रुंद, आणि तिथे मक्याच्या दाण्याचं एक टरफल भिंतीला चिकटलेलं होतं. सहा आठवड्यांनंतरही!

त्या चिरा पाहून ताई दचकली. पण काम झालं ते त्या चिरांमुळेच. हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा चरबीचा थर कडेला दाबतो. इथे दाबण्यासारखं काही नसतं. व्रणाचा गोल बंध नेमका आणि थोडाच तुटावा, आणि भिंत मात्र आरपार फाटू नये, एवढी ही कसरत. म्हणूनच एकाच बैठकीत वीस मिलिमीटरची हाव धरत नाहीत. भाच्याला पंधरावर थांबवलं. पुढची पायरी पुढच्या वेळी.

स्ट्रिक्चर फार आत, लहान आतड्याच्या मधल्या वळणांत असेल तर साधी दुर्बीण पोचत नाही. त्यासाठी दोन फुग्यांच्या आधाराने आतडं बाहीसारखं मागे सारत पुढे जाणारी एंटेरोस्कोपी असते. जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी ती २००१ मध्ये मांडली. वेळखाऊ काम आहे आणि सगळीकडे होत नाही.

धोका किती? याबाबतीत मोठा आधार म्हणजे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक विश्लेषण. त्यात ३३ अभ्यासांतले १,४६३ क्रोन्स रुग्ण आणि त्यांच्यावर केलेले ३,२१३ फुगे एकत्र मोजले होते. शंभरातल्या ८९ वेळा फुगा जे करायला गेला ते करू शकला. ८१ टक्के वेळा त्रासही कमी झाला. छिद्र पडणं, मोठा रक्तस्राव अशा गंभीर गोष्टी दर शंभर बैठकींमागे तीनच्या आसपास झाल्या. संमतीपत्रावर सही करताना हा तीनचा आकडा डोळ्यांत भरतो, आणि भरावाही. छिद्र पडलं तर त्याच दिवशी पोट उघडावं लागू शकतं, म्हणून शल्यविशारद त्याच इमारतीत आहेत ना, हे आधी विचारून घ्यायला लाजू नये. नंतरच्या दिवसभरात पोटदुखी वाढत गेली, ताप आला, पोट फळीसारखं कडक झालं तर फोनवर सल्ला घेत बसायचं नाही, थेट जायचं.

त्याच विश्लेषणातले पुढचे दोन आकडे मला जास्त बोलके वाटतात. दोन वर्षांत सुमारे ७४ टक्के रुग्णांना पुन्हा फुगा लागला. आणि ४३ टक्क्यांना शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. स्ट्रिक्चरची लांबी एक सेंटिमीटरने वाढली की शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे आठ टक्क्यांनी वाढत होती.

हे ऐकून ताईने स्वाभाविक प्रश्न विचारला, "मग उपयोग काय?" मॅडमचं उत्तर मला पटलं. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी विहिरीतला गाळ काढावा लागतो म्हणून विहीर खोदणं वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. शंभरातल्या ५७ जणांना दोन वर्षं तरी पोट न कापता काढता आली, आणि विशीतल्या मुलासाठी दोन वर्षं म्हणजे पदवी, नोकरी, कदाचित लग्न. दुसऱ्यांदा फुगा लागणं म्हणजे पहिला फसला असं नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनीच तो लागू लागला, तर मात्र आपण स्वतःची समजूत घालतोय हे कबूल करून शल्यविशारदांना भेटायला हवं.

आता तो प्रश्न, जो अँजिओप्लास्टीच्या उपमेतून हमखास निघतो. काकांच्या हृदयात स्टेंट टाकला, मग इथे का नाही टाकत? जाळीची नळी बसवून टाका की कायमची!

करून पाहिलंय. स्पेनमधल्या रुग्णालयांत ८० क्रोन्स रुग्णांवर रीतसर तुलना झाली. निम्म्यांना फुगा, निम्म्यांना आवरण असलेला धातूचा स्टेंट, जो चार आठवड्यांनी काढून घ्यायचा. २०२२ मध्ये निकाल छापून आला. वर्षभर दुसऱ्या कुठल्याही हस्तक्षेपाशिवाय राहिलेले रुग्ण फुग्याच्या गटात ८० टक्के, स्टेंटच्या गटात ५१ टक्के. स्टेंट हरला. लांब, म्हणजे तीन सेंटिमीटरहून मोठ्या स्ट्रिक्चरमध्ये तो फुग्याच्या जवळपास आला, त्यामुळे तो अगदीच अडगळीत गेलेला नाही, पण पहिली निवड नक्कीच नाही. कारण ढोबळमानाने समजण्यासारखं आहे. रक्तवाहिनी स्टेंटला जागच्या जागी राहू देते. आतड्याचा धंदाच मुळी आतली वस्तू पुढे ढकलण्याचा. ते स्टेंटलाही अन्नाचा घास समजून ढकलतं आणि तो जागेवरून सरकतो. उघड्या जाळीचा कायमचा स्टेंट टाकावा तर आजारी भिंत त्यात रुतून बसते. इथे काकांची उपमा संपते.

फुग्याला आणखी एक पर्याय आहे, दुर्बिणीतून जाणारी विजेची सुरी. व्रणाच्या कड्याला ठरवून, चाकाच्या आऱ्यांसारखे बारीक छेद देतात. अमेरिकेत बो शेन यांनी हे तंत्र पुढे नेलं. फुगा भिंत जिथे कमकुवत असेल तिथे फाडतो, सुरीवर मात्र डॉक्टरचा ताबा असतो. त्यामुळे छिद्राचा धोका कमी आणि रक्तस्रावाचा जास्त, असा सौदा असतो. शस्त्रक्रियेनंतर सांध्यावर आलेल्या आखूड, कडक स्ट्रिक्चरला हे तंत्र विशेष शोभतं. पण त्यासाठी हात बसलेला माणूस लागतो, आणि असे हात मोजकेच आहेत.

व्रणात स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याची कल्पना कागदावर छान दिसते. मुलांवरच्या एका छोट्या चाचणीत फायदा दिसला, प्रौढांवरच्या त्याहून छोट्या चाचणीत उलट तोटा. सर्रास देत नाहीत.

शस्त्रक्रियेबद्दल आपल्याकडे 'शेवटचा उपाय' असं बोलतात, आणि हे वाक्य मला आता खटकतं. लांब स्ट्रिक्चर, ओळीने अनेक, शेजारी फिस्टुला, अशा ठिकाणी फुग्याचा हट्ट धरण्यात वेळ घालवणं म्हणजे रुग्णाला उपाशी ठेवणं. आणि आजारी तुकडा काढणं हा एकच मार्ग आहे असंही नाही. स्ट्रिक्चरप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया कुठल्याही शिंप्याला लगेच कळेल. अरुंद जागेवर आतडं लांबीत उसवायचं आणि रुंदीत शिवायचं. कापड तेवढंच राहतं, घेर वाढतो. आतड्याचा एक इंचही फेकला जात नाही. तिची एक मुळी थेट भारतात आहे. आर. एन. कटारिया आणि सहकाऱ्यांनी टीबीने आवळलेल्या आतड्यांवर ही शस्त्रक्रिया करून १९७७ मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात लेख छापला. पुढे ऑक्सफर्डचे इमॅनोएल ली यांनी ती क्रोन्सच्या रुग्णांवर केली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या टीबीने आपल्या निदानात घोळ घातला, त्याच टीबीच्या रुग्णांनी जगभरच्या क्रोन्स रुग्णांची आतडी वाचवायला हातभार लावला.

तुकडा काढला तरी आजार संपत नाही. बेल्जियमच्या पॉल रुटगीर्ट्स यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात ७३ टक्के रुग्णांच्या नव्या सांध्यापाशी दुर्बिणीतून पुन्हा जखमा दिसतात, मग त्रास असो वा नसो. सांध्यावर पुन्हा जखम, पुन्हा व्रण, पुन्हा अरुंदपणा. वरच्या मोठ्या विश्लेषणातल्या फुग्यांपैकी निम्म्याहून अधिक अशाच जुन्या सांध्यांवर केलेले होते. म्हणजे फुगा किंवा शस्त्रक्रिया असा हा एकदाच करायचा निवाडा नसतो. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही आलटून पालटून येतात.

या सगळ्यात औषध कुठे? वाट उघडली म्हणून औषध सोडणं ही मी ऐकलेली सर्वांत सामान्य चूक. फुगा व्रण तोडतो, पण व्रण तयार करणारा दाह चालूच राहिला तर तो नवा बंध विणत बसतो. लहान आतड्याच्या स्ट्रिक्चरचे ९७ रुग्ण घेऊन फ्रान्समध्ये अडॅलिमुमॅब या दाह शमवणाऱ्या औषधाचा अभ्यास झाला, त्यात सहा महिन्यांनी सुमारे ६४ टक्के रुग्ण त्या औषधावर तरून गेले होते. म्हणजे स्ट्रिक्चर दिसलं की औषधाची वेळ गेली, हा जुना समजही पुरता खरा नाही. आणि सिगारेट. क्रोन्समध्ये ती आजाराला बळ देते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता वाढवते, याबद्दल डॉक्टरांत मतभेद नाहीत. भाच्याने गडावर कणसासोबत ओढलेली ताईला माहीत नव्हती, मॅडमना त्याने स्वतःहून सांगितली.

दोन बारीक गोष्टी ज्या सहसा कुणी सांगत नाही. डोकं दुखलं, कंबर धरली की मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायची सवय असेल तर ती मोडायची. या गोळ्या आतड्यात जखमा करतात, दीर्घकाळ घेतल्या तर स्वतःच पडद्यासारखी स्ट्रिक्चर तयार करतात. पॅरासिटामॉल चालतं. दुसरं, गिळायच्या कॅमेऱ्याची कॅप्सूल. स्ट्रिक्चर असलेल्या माणसात ती तिथेच अडकून बसू शकते, आणि मग ती काढायला वेगळी यातायात करावी लागते. म्हणून आधी त्याच आकाराची, आपोआप विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देऊन वाट पाहतात. कुणी कॅप्सूलचा सल्ला दिला तर स्ट्रिक्चरची फाइल आधी पुढे करा.

खाण्यापिण्याबद्दल ताईने वहीच केली आहे. फुग्यानंतर पहिले काही दिवस मऊ भात, मुगाच्या डाळीचं वरण, ताक, उकडलेला बटाटा, भाजलेल्या पापलेटचा काटे काढलेला तुकडा. नंतर हळूहळू ज्वारीची भाकरी, पण ताज्या पिठाची आणि आमटीत कुस्करलेली. भाज्या वर्ज्य नाहीत. त्या शिजवून, साल-बी-दोरे काढून खायच्या. दुधी, लाल भोपळा, गाजर चालतं. शेवग्याच्या शेंगांचा रस आमटीत उतरू द्यायचा, शेंग चोखायची नाही. डाळिंब गाळून. वाट मोकळी आहे तोवर सगळ्या जन्मासाठी कोंडा-साल बंद, अशी शिक्षा करून घ्यायची गरज नाही, असं मॅडम दोनदा म्हणाल्या. ते वहीत लिहिलेलं मला दिसलं नाही.

फेब्रुवारीत दुसरा फुगा झाला. या वेळी तो मी सोबत असताना झाला, कारण ताईची रजा संपली होती. बाहेर येऊन मॅडमनी फाइलवर दोन ओळी लिहिल्या: '१८ मिमी. दुर्बीण सहज पलीकडे.' गुंगीतून पुरता बाहेर यायच्या आत भाच्याने विचारलं, "मामा, स्वीट कॉर्न सूप चालेल का?"

"गाळून," मॅडम म्हणाल्या.